पखाल, डोली आणि रणभूमी : मराठी मुलखातील लष्करी रुग्णवहनाचा इतिहास

युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाच्या बाबतीत राज्यसंस्थेला तीन वेगवेगळी कर्तव्ये पार पाडावी लागतात : तो जेथे पडला असेल तेथून त्याला उचलून सुरक्षित जागी नेणे, त्याच्या जखमेवर उपचार करणे, आणि तो पुन्हा लढण्याजोगा राहिला नाही तर त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची सोय लावणे. मराठी मुलखाचा लष्करी इतिहास या दृष्टीने पाहिला तर असे दिसते की, तिहींपैकी शेवटच्या कर्तव्याची जाण येथे सर्वांत आधी आली. दुसरे कर्तव्य वैद्य आणि जर्राह, म्हणजे जखमा शिवणारे व हाडे बसवणारे परंपरागत शस्त्रवैद्य, यांच्या हातून यथाशक्ति पार पडत राहिले. परंतु पहिले कर्तव्य, म्हणजे प्रत्यक्ष रणभूमीवरून जखमीला बाहेर काढण्याचे काम, दीर्घकाळ कोणाचेच नव्हते. ते कधी सोबत्याच्या मायेवर, कधी नोकराच्या इमानावर आणि पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत भोयांच्या खांद्यांवर अवलंबून राहिले. लष्करी रुग्णवहनाचा इतिहास हा मुख्यतः या पहिल्या कर्तव्याचा इतिहास आहे.

‘अँब्युलन्स’ या शब्दाचा मूळ अर्थही हेच सांगतो. अठराव्या शतकातील फ्रेंच सैन्यात लष्कराबरोबर हलणाऱ्या रुग्णालयाला ‘चालते इस्पितळ’ अशा अर्थाचे नाव होते आणि त्यातील ‘चालते’ एवढे विशेषणच पुढे स्वतंत्र नाम म्हणून रूढ झाले. त्यामुळे ‘फील्ड अँब्युलन्स’ या लष्करी संज्ञेने एखादी गाडी नव्हे, तर डॉक्टर, परिचारक, स्ट्रेचरवाहक, तंबू आणि वाहने यांचे मिळून बनलेले संपूर्ण पथक सूचित होते. मराठीत आज सर्वत्र वापरला जाणारा ‘रुग्णवाहिका’ हा शब्द केवळ वाहनाचा बोध करून देतो. प्रस्तुत विषयाला मात्र वाहनापेक्षा वाहक अधिक महत्त्वाचा आहे.

या इतिहासाच्या बऱ्याचशा खुणा पुण्याच्या परिसरातच सापडतात. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात वसलेले माण हे गाव आज हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे ओळखले जात असले, तरी ते ज्या मावळपट्ट्याच्या कडेला आहे त्या पट्ट्याने शिवकाळापासून पायदळाला माणसे पुरवली. माणच्या शिवाराजवळून वाहणारी मुळा नदी पूर्वेकडे औंधवरून खडकीला जाते. तेथे १८१७ मध्ये पेशवे व इंग्रज यांची निर्णायक लढाई झाली, तेथेच पुढे मोठी छावणी उभी राहिली, आणि पुण्याच्या दुसऱ्या टोकाला वानवडी येथे लष्करी वैद्यकाची आजची सर्वांत मोठी शिक्षणसंस्था आहे. माणपासून वानवडीपर्यंतचे अंतर घोडेस्वाराने एका दिवसात सहज तोडावे इतकेच असले, तरी त्या अंतरात दोनशे वर्षांचा इतिहास सामावला आहे.

प्राचीन ग्रंथांत जखमी सैनिकाची दखल घेतलेली आढळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात युद्धाच्या वेळी शस्त्रे, यंत्रे, औषधे, तेले आणि पट्ट्यांची वस्त्रे घेतलेले वैद्य, तसेच अन्नपाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रिया, सैन्याच्या पिछाडीस असाव्यात असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत ‘युक्तसेनीय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय असून त्यात राजाच्या तंबूनजीक असलेला वैद्याचा तंबू ध्वजाने दुरूनही ओळखू यावा अशी योजना आहे. या दोन्ही ठिकाणी गृहीत असे आहे की, जखमी माणूस वैद्यापर्यंत पोहोचेल. तो कसा पोहोचेल हा प्रश्न ग्रंथकारांनी हाताळलेला नाही, आणि पुढील अनेक शतके हीच उणीव जगभरच्या सैन्यांत कायम राहिली.

शिवकाळात जखमी सैनिकाला राज्याने मोबदला देण्याची रीत निश्चितपणे होती. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत अफजलखानाच्या वधानंतरच्या बक्षिसांचे वर्णन करताना, जखमी झालेल्या लोकांना जखमेचे मान पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिल्याचे नमूद केले आहे, आणि जे कामी आले त्यांच्या मुलाबाळांच्या व बायकांच्या निर्वाहाची तजवीज केल्याचेही सांगितले आहे. पेशवाईत ही पद्धत ‘बालपरवेशी’ या नावाने रूढ झाली. धारातीर्थी पडलेल्या सैनिकाच्या अज्ञान मुलांच्या पालनपोषणासाठी दिलेले वेतन वा जमीन असा त्या शब्दाचा अर्थ आहे. जखमेची प्रतवारी करून त्यानुसार रक्कम ठरवणे ही कल्पना साधी नाही. तिच्यामागे कोणी तरी जखमा पाहिल्या, नोंदल्या आणि त्यांचा हिशेब ठेवला हे उघड आहे. परंतु हा सारा व्यवहार लढाई संपल्यानंतरचा, आणि तोही बहुधा जिंकलेल्या लढाईनंतरचा होता. रणभूमी आपल्या ताब्यात राहिली तर जखमी वेचता येत. ती शत्रूच्या हाती गेली तर जखमी आणि मृत यांच्यातला फरक फार काळ टिकत नसे.

पानिपताने हे अत्यंत कठोरपणे दाखवून दिले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांची फळी फुटली तेव्हा लढवय्यांच्या पाठीशी बुणग्यांचा, म्हणजे न लढणाऱ्या लोकांचा, प्रचंड समुदाय होता आणि माघारीची कोणतीही शिस्त उरली नव्हती. अशा वेळी महादजी शिंदे यांचा पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने त्यांच्या पायावर घाव घातला आणि ते मैदानात पडले. त्यांना वाचवले ते राणेखान नावाच्या एका पखालजीने, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्या भिस्त्याने, आपल्या बैलावर घालून. पाणी वाहण्याचा तो बैल जखमी सरदाराला घेऊन दक्षिणेकडे निघाला. महादजी जगले, मात्र त्या पायाने ते जन्मभर अधू राहिले. राणेखानाला त्यांनी भाऊ मानले, सरदारकी दिली, आणि पुढे उत्तर हिंदुस्थानातील मोहिमांत तो त्यांच्या सैन्याच्या अग्रभागी राहिला. हा प्रसंग मराठ्यांच्या इतिहासात कृतज्ञतेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु रुग्णवहनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ आणखी गंभीर आहे. शिंद्यांसारख्या मातब्बर घराण्यातील पुरुषालाही रणातून बाहेर काढणारी व्यवस्था त्या सैन्यात नव्हती, आणि जे महादजींच्या वाट्याला योगायोगाने आले ते त्या दिवशी पडलेल्या हजारो शिलेदार, बारगीर व प्यादे यांच्या वाट्याला आले नाही.

त्याच महादजींच्या सैन्यात तीस वर्षांच्या आत जखमींसाठी एक व्यवस्था उभी राहिली, ही या इतिहासातील सर्वांत उल्लेखनीय आणि मराठी वाचकांना सर्वांत कमी परिचित असलेली घटना होय. सव्हॉय प्रांतातून आलेला बेन्वा डी बॉइन १७८४ मध्ये महादजींच्या नोकरीत दाखल झाला. त्याने युरोपीय धर्तीच्या कवायती पलटणी तयार केल्या आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथील लढायांत त्या पलटणींनी निर्णायक कामगिरी केली. त्याच्या फौजेत जखमींना मैदानातून उचलून आणणारे एक पथक होते आणि ते शत्रूकडील जखमींनाही उचलीत असे, असे त्याच्या चरित्राच्या वृत्तांतांत नोंदवलेले आहे. जखमी सैनिकाला जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पगाराइतकी रक्कम मिळे, उपचार चालू असताना त्याचा पगार कापला जात नसे, आणि कायमचा अधू झालेल्यास अर्धा पगार व जमीन दिली जाई. या नियमांतील मोबदल्याचा भाग सभासदाने वर्णिलेल्या पद्धतीशी इतका जुळतो की, तो केवळ युरोपातून आणलेला होता असे मानण्याचे कारण नाही. नवे होते ते उचलून आणण्याचे पथक. पानिपताच्या मैदानातून पखालजीच्या बैलावर बाहेर पडलेल्या धन्याच्या फौजेतच हे पथक निघावे, यात त्या धन्याच्या अनुभवाचा वाटा असावा असे अनुमान करणे अवाजवी ठरणार नाही.

या घटनेचे महत्त्व समकालीन युरोपशी तुलना केल्यावर ध्यानात येते. फ्रेंच शल्यवैद्य दोमिनिक-जाँ लारे याने १७९२ मध्ये ऱ्हाइन नदीच्या आघाडीवर असे पाहिले की, नियमानुसार फिरती रुग्णालये सैन्याच्या मागे सुमारे एक लीग, म्हणजे चार-पाच किलोमीटर अंतरावर ठेवली जात आणि लढाई संपेपर्यंत जखमी जागच्या जागी पडून राहत. चोवीस तास किंवा त्याहून अधिक वेळ गेल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळांना कोणताच उपचार उपयोगी पडत नसे. घोड्यांनी वेगाने ओढल्या जाणाऱ्या तोफखान्यावरून त्याला ‘उडत्या अँब्युलन्स’ची कल्पना सुचली. स्प्रिंगांवर बसवलेल्या हलक्या दुचाकी गाड्या, त्यांच्याबरोबर घोड्यावरून जाणारे शल्यवैद्य, आणि लढाई चालू असतानाच जखमींना उचलण्याची शिस्त, असे या योजनेचे स्वरूप होते. १७९७ च्या इटलीतील मोहिमेत सुमारे ३४० माणसांचे असे पथक उभे राहिले. जखमीचा हुद्दा न पाहता जखमेचे गांभीर्य पाहून उपचाराचा क्रम ठरवावा, हा त्याचा नियम आजच्या आपत्कालीन वैद्यकाचा पाया मानला जातो. लारेची योजना पुढे संस्थेच्या रूपाने टिकली, डी बॉइनची टिकली नाही. १७९४ मध्ये महादजी निवर्तले, १७९५ च्या अखेरीस डी बॉइनने नोकरी सोडली, आणि धनी व सेनापती या दोघांच्या इच्छेवर उभी असलेली व्यवस्था नियमाच्या रूपाने सैन्यात मुरलीच नाही.

१८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात अशा व्यवस्थेची उणीव इंग्रजांनाही भोवली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली तेव्हा विजय इंग्रजांना मिळाला, परंतु त्यांच्याकडील ४२८ माणसे ठार आणि ११३८ जखमी झाली. एवढ्या जखमींना हलवण्याइतकी साधने वेलस्लीकडे नव्हती. मदतीस आलेल्या कर्नल स्टीव्हन्सनच्या शल्यवैद्यांनाही या कामी घ्यावे लागले, आणि पराभूत शत्रूचा पाठलाग त्यामुळे लांबला. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात ठेवावे असा वेलस्लीचा विचार होता, पण निजामाच्या किल्लेदाराने त्यांना आत घेण्यास नकार दिला. अखेर अजिंठा येथे रुग्णालय थाटावे लागले. निजाम हा इंग्रजांचा मित्र होता, हे लक्षात घेतले म्हणजे जखमी माणूस हे त्या काळी मित्रालाही किती मोठे ओझे वाटे ते समजते. जखमींची वाहतूक ही केवळ दयेची बाब नसून मोहिमेच्या वेगाशी बांधलेली बाब आहे, हा धडा असईने दिला.

खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांच्या सैन्यात सुमारे ५०० माणसे ठार व जखमी झाली, तर इंग्रजांकडील हानी ८६ होती : १९ ठार आणि ६७ जखमी. यातील ठार व जखमी यांचे प्रमाण पाहण्याजोगे आहे, कारण इंग्रजांचा तळ मुळेच्या काठी रणभूमीला लागूनच होता आणि जखमींना तेथे पोहोचवणे शक्य होते. दोनच महिन्यांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव येथे याच्या अगदी उलट परिस्थिती उद्भवली. कॅप्टन स्टाँटनच्या सुमारे ८३० माणसांच्या तुकडीला, जिच्यातील मुंबई पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, दिवसभर गावातल्या घरांच्या व भिंतींच्या आडोशाने पेशव्यांच्या सैन्याशी झुंजावे लागले. पाणी मिळत नव्हते, जखमींना मागे नेण्यासाठी पिछाडीच उरली नव्हती, आणि दोन सहायक शल्यवैद्यांपैकी विंगेट मारला गेला व वायली वाचला. ठार, जखमी व बेपत्ता मिळून २७५ माणसांची हानी झाली आणि जखमींना बरोबर घेऊन उरलेल्या तुकडीला शिरूरच्या छावणीत परतावे लागले. ज्यांच्या शौर्याची स्मृती आजही लाखो लोक जपतात, त्या शिपायांपैकी जखमी झालेल्यांनी तो दिवस पाण्यासाठी तळमळत काढला, हेही त्या स्मृतीचा भाग झाले पाहिजे.

कंपनी सरकारच्या सैन्यात रुग्णवहनाचे प्रमुख साधन डोली हे होते. लाकडी चौकटीची, दोऱ्यांनी विणलेली हलकी बाज एका लांब वेळूला टांगलेली आणि वरून कापडाने झाकलेली, असे तिचे रूप असे. पालखीप्रमाणे तिला कोरीव दांडी वा गिरद्या नसत. डोंगरी मुलखात नुसते जाड कापड दांडीला झोळीसारखे बांधून माणूस नेत आणि अशा साधनालाच ‘दांडी’ म्हणत; उंटाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या बसक्या पेट्यांना ‘कजावा’ म्हणत आणि त्यांतूनही जखमी नेले जात, मात्र उंटाच्या चालीचे हिसके मोडलेल्या हाडाला असह्य होत. एका डोलीस साधारणतः सहा माणसे लागत, चार उचलणारी आणि दोन आळीपाळीने खांदा बदलणारी, म्हणजे शंभर जखमींसाठी सहाशे वाहक पाहिजेत. हे काम उत्तरेत कहार आणि महाराष्ट्रात भोई करीत. नदीकाठी मासेमारी करणाऱ्या आणि पिढ्यान्पिढ्या पालख्या वाहणाऱ्या या समाजांकडे खांद्याची लय आणि एकमेकांशी पावले जुळवण्याची सवय वंशपरंपरेने आलेली होती. जखमीला हिसका न बसू देता खडकाळ वाटेने नेणे हे कसबच आहे आणि ते कोणत्याही शिपायाला चार दिवसांत शिकवता येत नाही.

असे असूनही डोलीवाल्याची गणना सैनिकांत होत नसे. तो ‘फॉलोअर’, म्हणजे सैन्यामागून चालणारा अनुचर, पूर्वीच्या भाषेत बुणग्यांपैकीच, समजला जाई. त्याला शस्त्र नसे, पगार शिपायाहून कमी असे, आणि मोहीम संपली की त्याची नोकरीही बहुधा संपे. त्याच्याकडून अपेक्षा मात्र अशी की, त्याने गोळीबारात आघाडीपर्यंत जावे आणि दोन्ही हात वेळूला गुंतलेले असताना, स्वतःचा बचाव करण्याची कोणतीही सोय नसताना, हळू पावलांनी परत यावे. १८५७ च्या सप्टेंबरात लखनौ येथे गोळीबाराच्या माऱ्यात डोलीवाले पांगले आणि जखमी अरुंद चौकात अडकून पडले, तेव्हा त्या पांगण्याचा उल्लेख इंग्रज लेखकांनी दोषाच्या सुरात केला. परंतु ज्याला सैन्याने सैनिक मानले नाही त्याच्याकडून सैनिकाचे धैर्य मागण्याचा अधिकार त्या सैन्याला कितपत होता, हा प्रश्न त्यांच्यापैकी फारच थोड्यांना पडला.

याच व्यवस्थेचा पाया किती कच्चा होता ते २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातील मैवंद येथे उघड झाले. तेथे मुंबई लष्कराच्या पलटणी प्रामुख्याने लढत होत्या. पराभव झाल्यावर वाहतुकीची जनावरे व माणसे पांगली, आणि कंदाहारपर्यंतची सुमारे सत्तर किलोमीटरची माघार पाण्यावाचून करावी लागली. या लढाईत ९६९ ठार आणि १७७ जखमी अशी नोंद आहे. खडकीला एका मृतामागे तीनहून अधिक जखमी होते. मैवंदला पाचांहून अधिक मृतांमागे एक जखमी. दोन्ही ठिकाणच्या शस्त्रांत फरक होता हे खरे, पण एवढी तफावत केवळ शस्त्रांनी पडत नाही. जे जखमी उचलले गेले नाहीत ते मृतांच्या यादीत गेले. त्या माघारीत अश्वदळ तोफखान्याच्या माणसांनी तोफा ओढणाऱ्या गाड्यांवर जमतील तितके जखमी घातले, आणि अशा कृत्यांसाठी त्यांच्यापैकी दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या काळापर्यंत जगात इतरत्र विचार पुढे गेला होता. १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईतील जखमींची दैना पाहून आंरी द्युनां याने केलेल्या प्रयत्नांतून १८६४ चा जिनिव्हा करार झाला आणि रणांगणावरील रुग्णसेवा तटस्थ व संरक्षित मानली जाऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धात जोनाथन लेटरमन याने १८६२ मध्ये रुग्णगाड्या पुरवठा विभागाच्या ताब्यातून काढून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली आणल्या. हा दुसरा बदल दिसायला किरकोळ असला तरी तो मूलगामी होता, कारण तोवर दारूगोळा आणि धान्य यांच्या वाहतुकीतून उरलेली जनावरेच जखमींच्या वाट्याला येत. हिंदुस्थानात हाच बदल चाळीस वर्षे उशिरा झाला : डोलीवाले बराच काळ रसद खात्याकडे होते, आणि १९०१ मध्ये त्यांचे ‘आर्मी बेअरर कोअर’ हे स्थायी दल बनले. त्याआधीच, डिसेंबर १८९९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी यांनी सुमारे ११०० हिंदी स्वयंसेवकांचे व करारबद्ध मजुरांचे रुग्णवाहक पथक उभे केले होते आणि कोलेन्सो व स्पिऑन कोप येथील जखमींना दिवसाकाठी वीस-पंचवीस मैल चालून वाहून नेले होते. वाहकाचे काम हे हलके काम नसून नागरिकाला शोभणारे काम आहे, हे त्या पथकाने दाखवले.

शिंदे घराण्याचे नाव या इतिहासात पुन्हा येते ते १९०० मध्ये. चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी जखमींसाठी ‘ग्वाल्हेर’ नावाचे रुग्णालय-जहाज दिले. चौदा वर्षांनी पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांच्याच पुढाकाराने संस्थानिकांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय-जहाज बनवले आणि त्याला ‘लॉयल्टी’ असे नाव दिले.

महायुद्धातील मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, आघाडी ही मराठी सैनिकाच्या दृष्टीने सर्वांत मोठी शोकांतिका ठरली. १९१४ च्या नोव्हेंबरात फाओ येथे उतरलेली फौज ही सहावी डिव्हिजन होती, आणि तिचे मुख्य ठाणे पुणे असल्यामुळे ती ‘पूना डिव्हिजन’ म्हणूनच ओळखली जाई. १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी तिच्यात होत्या. घाट, मावळ आणि कोकण येथील खेड्यांतून भरती झालेली ही माणसे टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकत गेली, पण त्यांच्यामागे जखमींना परत आणण्याची साधने त्या प्रमाणात सरकली नाहीत. १९१५ च्या एप्रिलमध्ये शैबा येथील लढाईत जखमींना आणण्यासाठी पाठवलेल्या खेचरगाड्यांची धूळ पाहून तुर्कांना नवी कुमक आल्याचा भास झाला आणि ते मागे हटले, असे त्या लढाईच्या हकिकतींत सांगितले जाते. त्या गाड्या स्प्रिंग नसलेल्या, लोखंडी, सामान वाहण्याच्या दुचाकी गाड्या होत्या. शैबाला त्यांनी लढाई जिंकून दिली असली, तरी त्यांच्यात घातलेल्या माणसांना त्या यातनायंत्रासारख्याच होत्या.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे लढाई झाली आणि पूना डिव्हिजनचे साडेचार हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. जखमींना त्याच हिसके देणाऱ्या गाड्यांतून खडबडीत वाळवंटातून नदीकाठापर्यंत नेण्यात आले; मांडीचे हाड मोडलेल्यांनाही त्यांवाचून दुसरे साधन नव्हते. तेथून पुढे बसऱ्यापर्यंतचा नदीमार्ग जहाजांवर आणि त्यांना बांधलेल्या पडावांवर, उघड्या फळ्यांवर, कापावा लागला. ‘मेजिदिया’ नावाचे असे एक जहाज सुमारे सहाशे जखमी व आजारी माणसे घेऊन बसऱ्याला लागले, तेव्हा तेथे रुग्णालय-जहाजावर असलेला मेजर कार्टर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा अधिकारी ते पाहून हादरला. दुरून त्याला जहाजाच्या कडांवरून दोर लोंबत असल्यासारखे वाटले. जवळ आल्यावर ते अतिसाराने ग्रासलेल्या, हलूही न शकणाऱ्या माणसांचे वाळलेले मलप्रवाह असल्याचे दिसले. जखमांवरच्या पट्ट्या कित्येक दिवस बदललेल्या नव्हत्या. कार्टरने तक्रार केली, वरिष्ठांनी त्याला अटकेची धमकी दिली, तरी तो मागे हटला नाही, आणि त्याची साक्ष चौकशी आयोगापुढे गेली. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने वैद्यकीय व्यवस्थेच्या कोसळण्याबद्दल हिंदुस्थान सरकारला जबाबदार धरले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. ज्या काटकसरीच्या नावाखाली रुग्णगाड्या, नौका आणि डॉक्टर कमी पाठवले गेले ती काटकसर म्हणजे गुन्हाच होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही, कारण जोखीम आधीच कळलेली होती आणि किंमत मात्र गाडीत पडलेल्या शिपायाने दिली.

१९१६ नंतर स्थिती सुधारली. मोटार रुग्णगाड्यांचे ताफे, नदीवरील स्वतंत्र रुग्णनौका आणि बसऱ्याहून मुंबईला ये-जा करणारी रुग्णालय-जहाजे यांची साखळी तयार झाली; मुंबईत नुकतीच बांधून झालेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. अवयव गमावलेल्या सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली आणि ती पुढे खडकीला स्थिरावली. युद्ध संपल्यावर ‘लॉयल्टी’ हे जहाज वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीने घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. भारतीय जहाजवाहतुकीचे प्रतीक ठरलेले ते जहाज काही महिन्यांपूर्वीपर्यंत जखमी सैनिकांचे होते, हे त्या दिवशी क्वचितच सांगितले जाते.

वाहकांना सैन्यात स्थान मिळण्याची प्रक्रिया मात्र सावकाश चालली. १९२० मध्ये आर्मी बेअरर कोअर आणि रुग्णालयांतील परिचारकांचे दल एकत्र करून ‘इंडियन हॉस्पिटल कोअर’ बनले, आणि ३ एप्रिल १९४३ रोजी डॉक्टर, सहायक व परिचारक यांना एकाच छत्राखाली आणणारी ‘इंडियन आर्मी मेडिकल कोअर’ स्थापन झाली. डोली उचलणारा आणि शस्त्रक्रिया करणारा एका दलाचे झाले, ते लारेच्या पथकानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. तरीही जखमीला उचलण्याचे पहिले काम रणभूमीवर अनेकदा सोबत्यालाच करावे लागले : ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी एका जखमी सोबत्याला पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेऊन पोहोचवले, दुसऱ्या जखमीसाठी ते पुन्हा त्याच वाटेने गेले, आणि त्यानंतर त्यांनी एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी मोडून काढली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. राणेखान पखालजी आणि नामदेव जाधव यांच्यामध्ये जे असंख्य भोई, कहार आणि बेअरर होऊन गेले, त्यांची नावे पदकांच्या याद्यांत फारशी सापडत नाहीत; गावोगावच्या युद्धस्मारकांचा अभ्यास करणाऱ्यांनी शिपायांच्या नावांबरोबर या अनुचरांचीही नावे शोधून काढणे अगत्याचे आहे.

महादजी शिंदे यांचे निधन १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे झाले आणि तेथेच त्यांची छत्री आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय त्याच वानवडीत आहे, आणि भारतीय सैन्यातील फील्ड अँब्युलन्स पथकांचे अनेक डॉक्टर तेथूनच शिकून जातात.